वाळवीचं माहेर

आज बोलायला येताना मी एका वाटीत दोन वस्तू घेऊन आले आहे. रेडिओवरून त्या तुम्हाला दिसायच्या नाहीत, म्हणून सांगते.

पहिली माझ्याच घरात पिठाच्या डब्यामागे सापडली. चिंचोक्याहून लहान, तांबूस काळी, आणि एका कडेला पर्सच्या चेनीसारखे बारीक दाते. दुसरी शेतातली. पऱ्हाटीच्या काटकीला चिकटलेली, खाकी रंगाची, तेलात भजं फुगावं तशी फुगलेली. हाताला मात्र कडक लागते. पहिली झुरळाच्या अंड्यांची डबी. दुसरी त्या हिरव्या, लांब मानेच्या, पुढचे दोन पाय जोडून बसणाऱ्या किड्याची. कुणी त्याला खंडोबाचा किडा म्हणतं, कुणी सरसकट नाकतोडा म्हणून मोकळं होतं. पुस्तकात त्याला प्रार्थना कीटक म्हणतात.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत मी या दोन डब्या फिरवल्या आणि विचारलं, ही दोन घरं एकमेकांच्या नात्यातली असतील का? जवळजवळ सगळ्याच हसल्या. एक मोरीत राहणारं, दुसरं शेतात हात जोडून बसणारं, यांचं कसलं नातं! एक म्हाताऱ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही डब्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "बाळंतपणाची रीत तर एकच दिसतीय." मावशी नेमकं मुद्द्यावर आल्या होत्या. शास्त्रज्ञांना तिथं यायला बरीच वर्षं लागली. आणि आले तेव्हा या दोघांच्या घरात तिसरंही एक माणूस निघालं, ज्याला सगळ्यांनी परकं ठरवून ठेवलं होतं. आज ती गोष्ट सांगते.

जिवांचं वर्गीकरण म्हणजे कोण कुणाचं ते लावणं. आपण सोयरीक जुळवताना काय करतो? नुसत्या आडनावावर थांबत नाही. देवक विचारतो, मामाचं गाव विचारतो, आजी कुठल्या घरची ते काढतो. तेच काम.

आपल्याकडेही ते जुनं आहे. कीर्तनात चार खाणी ऐकलेल्या असतील: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. वारेतून जन्मणारे, अंड्यातून जन्मणारे, घामातून नि उबेतून आपोआप होणारे, आणि जमीन फोडून वर येणारे. उवा, ढेकूण, डास हे स्वेदजात धरले जात. उवांना लिखा असतात हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, त्यामुळे घामातून जीव होतो हे काही खरं नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, ही वाटणी जन्माच्या रीतीवर केलेली होती. दिसण्यावर नाही.

युरोपात ज्यानं हे काम पद्धतशीर केलं तो स्वीडनचा कार्ल लिनियस. त्याच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली, आणि प्राण्यांची आजची शास्त्रीय नावं तिथून मोजतात. प्रत्येक जिवाला दोन शब्दांचं नाव, आधी घराण्याचं आणि मग स्वतःचं. आपण शाळेच्या हजेरीत आडनाव आधी लिहितो ना, तसं. पण किड्यांच्या मोठ्या वाटण्या लिनियसनं पंखांवर केल्या. पंख कसे आहेत, किती आहेत, आहेत की नाहीत.

त्यामुळे झालं काय, तर झुरळ आणि प्रार्थना कीटक गेले भुंग्यांच्या गटात, कारण वरचे पंख जाड. प्रार्थना कीटकाला तर स्वतःचं घरही मिळालं नाही, त्याला नाकतोड्यांच्या पोटात बसवलं. नऊ वर्षांनी, १७६७ च्या बाराव्या आवृत्तीत त्यानंच ही मंडळी तिथून उचलली आणि ढेकणांच्या गटात टाकली. आणि वाळवी? तिला त्यानं बिनपंखी ठरवलं. उवा, पिसवा, कोळी, विंचू, खेकडे यांच्या पंगतीत.

आता तुम्ही मनात म्हणाल, वाळवी बिनपंखी? रोहिणी-मृगाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती पाखरांचा ढीग होतो, सकाळी ओसरीवर पंखांचा केर झाडावा लागतो. ती वाळवीचीच पाखरं. लिनियसच्या देशात वाळवी नव्हतीच. त्याच्यापुढं आली ती बाहेरून आलेली माहिती आणि नमुने. बीडची कुठलीही सासुरवाशीण त्याला हे सांगू शकली असती, पण तिला विचारणार कोण!

लिनियसचा एक शिष्य मात्र आपल्या देशात आला. योहान गेरहार्ट कोएनिग. १७६८ साली तो तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला आला; तिथं तेव्हा डेन्मार्कची वखार होती. पेशानं वैद्य, पण मन सगळं झाडपाल्यात आणि किड्यांत. याचं नाव तुमच्या फोडणीत रोज पडतं. कढीपत्त्याचं शास्त्रीय नाव मुराया कोएनिगाय, ते याच्यावरून ठेवलेलं आहे. या कोएनिगनं तंजावरकडची वारुळं फोडून पाहिली आणि १७७९ साली वाळवीवर लेख छापला. गोरगरीब पावसाआधी उडणारी वाळवी कशी धरतात तेही त्यानं लिहून ठेवलं. वारुळाला दोन बाजूंनी भोकं पाडायची. वाऱ्याच्या बाजूनं घाण वासाचा धूर करायचा, दुसऱ्या बाजूला सुवासिक पाल्यानं आतून घासलेली मडकी लावायची. पाखरं धुराला भिऊन मडक्यात शिरतात. ती पिठात मिसळून त्याचे पदार्थ करत आणि स्वस्तात विकत. वाळवीची राणी म्हाताऱ्या माणसांना कंबरेला ताकद म्हणून खायला देत. १७८१ साली हेन्री स्मीथमननं आफ्रिकेतल्या वाळवीवर लंडनच्या रॉयल सोसायटीला मोठा लेख दिला, त्यात त्यानं हा मजकूर घेतला. कोएनिगचं नाव घेऊनच घेतला. ज्यांनी कोएनिगला मडकं कसं लावायचं ते दाखवलं, त्यांची नावं मात्र कुठंच नाहीत. मला ही गोष्ट खटकते.

पुढची शंभर वर्षं नुसत्या वाटण्या आणि फेरवाटण्या चालल्या. त्या सगळ्या सांगत बसत नाही. फ्रान्सच्या ऑलिव्हिएनं १७८९ साली नाकतोडे, रातकिडे, झुरळं आणि प्रार्थना कीटक यांचं एक एकत्र कुटुंब केलं, सरळ पंखांचे म्हणून. १८१५ साली इंग्लंडच्या लीचनं झुरळांना वेगळं काढून जाळीच्या पंखांचे, डिक्टिऑप्टेरा, असं नाव दिलं. १८३२ साली ब्रुले नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं वाळवीला स्वतंत्र गण दिला, आयसोप्टेरा. म्हणजे सारख्या पंखांचे, कारण वाळवीच्या पाखराचे चारही पंख एकसारखे असतात. चला, पंख तर मान्य झाले! पण घर वेगळंच राहिलं.

आपल्याकडे हे काम कलकत्त्याला चाललं होतं. तिथल्या इंडियन म्युझियममध्ये जेम्स वुड-मेसन नावाचा इंग्रज होता, त्यानं देशभरातून आलेले प्रार्थना कीटक तपासून १८८९ आणि १८९१ साली दोन भागांत त्यांची यादी छापली. त्या कामाला पुढं आपल्या लोकांनी हात घातला. १९९५ साली मुखर्जी, हाजरा आणि घोष यांनी भारतातले प्रार्थना कीटक नव्यानं मोजले, ते १६२ जातींचे भरले. आपण ज्याला एकच खंडोबाचा किडा समजतो तो. आपल्या राज्यात हे काम पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथं चालतं. टाचणी लावलेले किडे पेट्यांत ठेवलेले असतात आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुठं सापडला, कधी, कुणाला.

नावांची एक गंमत सांगते आणि मग वाळवीकडं येते. मोरीत रात्री निघतं ते मोठं तांबडं झुरळ, त्याचं नाव पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याच्यावर अख्खा धडा आहे, आपल्या मुली त्याच्या आकृत्या काढतात. नाव अमेरिकेचं, पण ते मूळचं आफ्रिकेचं. गुलामांच्या नि मालाच्या जहाजांतून तिकडं गेलं. आणि शेगडीच्या मागं, मिक्सरच्या खाली भराभर पळतं ते बारकं भुरकट झुरळ? ते जर्मन. लिनियसनं १७६७ साली त्याला जर्मनीचं नाव दिलं. रशियातले लोक त्याला प्रशियाचं म्हणत, म्हणजे जो तो शेजाऱ्यावर ढकलत होता. २०२४ साली शास्त्रज्ञांनी १७ देशांतली २८१ झुरळं घेऊन त्यांचे डीएनए तपासले. तेव्हा कळलं की हे जर्मन झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी आपल्या भारतात किंवा म्यानमारकडं, शेतात पालापाचोळ्यात राहणाऱ्या आशियाई झुरळापासून निघालं. २१०० वर्षांपूर्वी म्हणजे पैठणला सातवाहनांचं राज्य होतं त्या काळाच्या आसपास. माणसाच्या घरात शिरलं ते पुन्हा शेतात गेलंच नाही. मग व्यापाऱ्यांबरोबर नि फौजांबरोबर पश्चिमेला, आणि शेवटी युरोपात. तिथं लिनियसला दिसलं आणि जर्मन झालं. रेशनकार्डावर नाव चुकलं की ते पिढ्यान् पिढ्या तसंच चालतं, त्यातलाच प्रकार.

आता वाळवी.

वाळवीला इंग्रज पांढरी मुंगी म्हणत, आणि आपणही कितीदा वारूळ मुंग्यांचंच म्हणतो. माझ्या आईलाही ती मुंगीच वाटायची. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की घराला कुलूप, ते उन्हाळ्यात उघडायचं. मी दहावी झाले त्या वर्षी घर उघडलं तर ट्रंकेचा तळ गंजलेला, खालून मातीची नळी वर चढलेली, आणि आतल्या कागदांची चाळण झालेली. त्यात माझा शाळा सोडल्याचा दाखला होता. आईनं आधीच, जाताना, ट्रंकेभोवती मुंग्यांची पावडर टाकली होती. पण मुंगी भिंतीवरून, उजेडातून येते. वाळवी मातीच्या पोटातून, अंधाऱ्या नळीतून येते, तिला वरच्या पावडरीचं काय? दुसरा दाखला हाताशी येईपर्यंत प्रवेश बंद झाले. माझं एक वर्ष गेलं. त्या वर्षापासून मला हा प्रश्न पडलेला आहे की ही मुंगी नाही तर मग आहे कोण.

उत्तराची सुरुवात अमेरिकेतल्या डोंगरांत झाली. तिथं कुजलेल्या ओंडक्यात एक झुरळ राहतं, क्रिप्टोसर्कस त्याचं नाव. ते माणसाच्या घरात येत नाही, लाकूड खातं. लाकूड नुसतं खाऊन पचत नाही. त्याच्या आतड्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते पचवून देतात. १९३४ साली क्लीव्हलँड आणि त्याच्या सोबत्यांनी यावर जाडजूड अभ्यास छापला. त्या सोबत्यांत एलिझाबेथ सँडर्स आणि जेन कॉलियर या दोन बायका होत्या, हे मुद्दाम सांगते. त्यांना दिसलं की या झुरळाच्या पोटातले जीव आणि काही वाळव्यांच्या पोटातले जीव एकमेकांचे सख्खे आहेत.

हे जीव बाहेरून मिळत नाहीत. ते आईकडून पिल्लाला मिळतात, जसं आपण सासूकडून, जावेकडून विरजण आणतो तसं. क्रिप्टोसर्कसची पिल्लं आईच्या शरीरातून निघणारा रस पितात आणि ते विरजण पोटात घेतात. आईबाप पिल्लांना सोडून जात नाहीत, वर्षानुवर्षं एकाच ओंडक्यात कुटुंब राहतं. आणि वाळवीचं तर असं की दर वेळी कात टाकली की पोटातलं विरजण जातं, मग ते दुसरीकडून पुन्हा मागून घ्यावं लागतं. एकटीनं राहून तिला जगताच येत नाही. वाळवीची एवढी मोठी वसाहत का झाली त्याचं एक कारण अभ्यासकांना यात दिसतं. आपल्या शेतातली वारूळवाली वाळवी थोडी वेगळी, बरं का. ती पोटातल्या त्या जिवांऐवजी वारुळात बुरशीची बाग करते आणि तिच्याकडून लाकूडपाला मऊ करून घेते. पावसाळ्यात वारुळाजवळ अळिंबी उगवते ती याच बागेची.

दुसरा पुरावा मावशींचा, बाळंतपणाचा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला जुन्या वळणाची एक वाळवी आहे, मॅस्टोटर्मिस. बाकीच्या वाळव्या सुटी अंडी घालतात. ही मात्र झुरळासारखी, दोन ओळींत जोडून घालते. कुळाचार मोडला तरी एखाद्या घरात जुना रिवाज राहतो ना, तसा राहिलेला.

तरीही भांडण मिटेना. शेवटी २००७ साली लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या इनवर्ड, बेकालोनी आणि एगल्टन या तिघांनी शंभरावर जातींचे डीएनए ताडून पाहिले. वाळवी झुरळांच्या शेजारी नव्हे, झुरळांच्या आतच निघाली. लाकूड खाणारं क्रिप्टोसर्कस तिचं सर्वांत जवळचं. म्हणजे वाळवी हे एकत्र वसाहत करून राहणारं झुरळच आहे. लेखाचं नाव त्यांनी 'एका गणाचा मृत्यू' अशा अर्थाचं ठेवलं, कारण १८३२ पासून १७५ वर्षं चाललेला आयसोप्टेरा हा स्वतंत्र गण आता उरणार नव्हता. यावर वाळवीचे इतर अभ्यासक चिडले. त्याच वर्षी त्यांनी 'आयसोप्टेराला वाचवा' म्हणून उत्तर दिलं. नातं त्यांना मान्य होतं. म्हणणं एवढंच की माहेर सापडलं म्हणून तिचं स्वतःचं नाव कशाला पुसता? माझं मत विचाराल तर मी त्यांच्या बाजूची आहे. शेवटी झालंही तसंच. वाळवी झुरळांच्या गणात गेली, पण तिच्या घराचं नाव आत तसंच ठेवलं.

आणि प्रार्थना कीटक? तो या दोघांचा चुलता म्हणा. फार जुन्या काळी वेगळी चूल मांडली, पण अंड्यांची डबी करायची रीत ठेवली. मादी आधी फेस काढते, त्यात अंडी घालते, फेस वाळून कवच होतं. झुरळांचं नि त्याचं मिळून जे मोठं कूळ, त्याला लीचचंच जुनं नाव लावतात, डिक्टिऑप्टेरा. झुरळं साडेचार हजार जातींची, त्यातली माणसाच्या घरात येणारी जेमतेम तीसेक. बाकीची रानात पाला कुजवतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तीसेकांनी सगळ्या कुळाचं नाव घालवलं.

मग याचा आपल्याला उपयोग काय, असं बैठकीत एकीनं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. दोन गोष्टी मी तिला सांगितल्या. ट्रंक विटांवर ठेवायची, भिंतीपासून हातभर लांब, आणि जमिनीतून मातीची नळी चढताना दिसली की तिचा माग जमिनीपर्यंत काढायचा. दुसरं, पऱ्हाटी सरपणाला आणताना काटक्यांवर नजर टाकायची. फुगलेल्या भज्यासारखी डबी दिसली तर तेवढी काटकी मोडून बांधावर खोचायची. एका डबीतून कितीतरी पिल्लं निघतात, आणि ती मावा, तुडतुडे, बारक्या अळ्या खाऊन वाढतात. शेतीशाळेच्या तक्त्यावर त्याला मित्रकीटक लिहितात. तसा तो कुणाचा मित्र नाही, मधमाशी हाताला लागली तर तीही खातो. पण आपण त्याची डबी चुलीत घालतो ती वैर म्हणून नाही, ओळख नाही म्हणून.

नागपंचमीला आपण वारुळाला जातो. दूध-लाह्या वाहतो, फेर धरतो. वारूळ नागानं बांधलेलं नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपलीच. मुंग्यांनीही बांधलेलं नसतं. मुंग्या आणि मधमाश्या यांच्यात राबणाऱ्या सगळ्या माद्या, नर लग्नापुरते. वारुळात तसं नाही. तिथं नर आणि मादी दोघंही राबतात, आणि राजा राणीला सोडून जात नाही, जन्मभर तिच्या शेजारी त्याच खोलीत राहतो. हे सांगितल्यावर बैठकीत जो हशा झाला तो इथं सांगण्यासारखा नाही.

पऱ्हाटीवरची डबी उद्या शेतात जाताना मी बांधावरच्या बोरीला बांधणार आहे. घरात ठेवून चालत नाही, पिल्लं निघाल्याबरोबर एकमेकांनाच खायला लागतात. पिठाच्या डब्यामागची मात्र घरी गेल्यावर चुलीत जाईल. कुळातली असली म्हणून काय झालं.